सव्वा सेकंद

निपाणीहून सकाळची गाडी. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा.
हत्तरगीच्या नाक्यावर कंडक्टरनं विचारलं, जेवणाचा डबा काय?
म्हटलं, व्हय, अण्णांचा.

शहापुरात, जिथं दोन-तीन घरांतून अजून मागांचा खडखडाट येतो,
मल्लेशप्पा होसकोटींचं दुकान. टेबल, दिवा,
आणि बशीत कुंडलीसारखे मांडलेले स्क्रू,
कुठल्या घरातला कुठला ते कळावं म्हणून.

कळ दाबली. झाकण पुढं पडलं,
भाता उलगडला, भिंग टोकाशी येऊन खट्‌ थांबलं.
आणि होसकोटी शिंकले.
परत शिंकले.
भात्याच्या घडीघडीत तंबाखू, तपकिरीहून बारीक,
चाळीस वर्षांची.
"तुमचे वडील फोटो काढत होते का विड्या वळत होते?"

विड्या वळणाऱ्या बायकांचे काढायचे.
ओळखपत्राला, तीन प्रती,
वखारीच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणून.
मांडीवरचं सूप उतरायचं, पदर कानामागं जायचा,
अण्णा म्हणायचे, हलू नका.
मग मोठ्यानं: एऽऽक.

होसकोटींनी भात्यात बारका बल्ब सोडला, दुकानातली बत्ती घालवली.
काळ्या चामड्यावर उजेडाचे चार ठिपके.
"सगळी कोपऱ्यातच. रोज मोडतं ते तिथंच फाटतं."
सुईच्या टोकानं काळा रंग, फुंकर, परत अंधार.

मग अंतरमापक. त्यासाठी गच्चीवर.
बघायच्या खिडकीत पिवळसर चौकोन
आणि त्यात जगाची एक फिकट नक्कल.
लांब राजहंसगड: दोन गड,
एकमेकांवर नीट न बसलेले.
आत अर्धाच पारा लावलेला आरसा असतो म्हणाले,
निम्मा उजेड जाऊ देतो, निम्मा वळवतो.
एक स्क्रू. पाव फेरा.
"ईग नोड्री."
गड एक झाला. घारी मात्र दोन.
"त्या दोनच आहेत," होसकोटी म्हणाले.

शेवटी शटर.
एकमेकांत पाय अडकवून बसलेली पाच पाती,
मागं दातेरी चाक, आणि त्याला अडवत-सोडत
वेळ मोजणारा नखाएवढा लंगर.
शंभरावा ठीक. पंचविसावा ठीक.
मग अख्खा एक.
किर्रर्र...
होसकोटींनी कान लावला, ओठांत म्हणाले, ओंदु,
त्यांचा ओंदु संपला तरी पाती उघडीच.

"सव्वा सेकंद. ग्रीस वाळलंय. पेट्रोलात धुतो, नवा होईल."

अण्णांचा एऽऽक शेवटाला ओढलेला असायचा.
मला वाटायचं दम्यानं.
ट्रंकेत प्रती आहेत सगळ्या:
निंगव्वा, सुशीला खोत, हुसेनबी,
चेहऱ्यावर उजेड बेतानं.
म्हणजे ठाऊक होतं. भिंगाचं तोंड तेवढंच बारीक करून घेत होते,
आणि जिला शेवटचा पाव निभला नाही
तिची पापणी जराशी पुसट आली आहे.

"एक राहू द्या तसाच."
"चूक आहे ती."
"हौद्री."
"एकट्याचं राहत नाही बाई, चाक एकच. दुसरा, पाचवा, सगळेच लांबतात."
"मग चाकच राहू द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बशीकडं.
एकेक स्क्रू आपापल्या घरात गेला.

बिल पाठकोऱ्या कागदावर केलं: भोकं चार, गड एक.
शिंकांचे पैसे घेतले नाहीत.