शेवटचा फर्मा

चौथ्यांदा आलंय हे पुस्तक माझ्याकडं,
जालन्याच्या जुन्या वाचनालयातून,
गोणपाटाच्या पिशवीत, पाठ मोडलेलं,
बाजेवर घालून दवाखान्यात आणलेल्या माणसासारखं.

आमचे आजे खोगीर शिवायचे.
घोडे संपले, तशी हातातली आर पुस्तकांकडं वळली.
मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद.
कुंडलिकेच्या पुलाकडून वारा येतो
आणि वाळत घातलेली पानं उगाच बोलत राहतात.

गोष्ट रोमची आहे.
सुभेदाराच्या कचेरीतला एक कारकून,
नवा देव मानणाऱ्यांची यादी करायचं काम त्याच्याकडं.
दिवसा नावं लिहितो,
रात्री तेलाचा बुधला घेऊन
जमिनीखालच्या कबरींत उतरतो.
तिथं तीच नावं
दबक्या आवाजात एकमेकांना भाकर मोडून देत असतात.

भाषांतर कुणाचं, ठाऊक नाही.
पहिलं पान मी पाहण्याआधीच गेलं होतं.
भाषा जड. ‘हे प्रभो’ फार.
मधली चाळीस पानं नुसत्या मेजवान्या,
तिथं वाचक झोपतो, हे मला तेलाच्या डागांवरून कळतं.
पण पान दोनशे अकरा
बोटांनी इतकं झिजलंय
की पलीकडची अक्षरं अलीकडं दिसतात.
तिथं एक आंधळी म्हातारी कारकुनाला विचारते,
माझं नाव नीट लिहिलंस ना रे?
बापानं ठेवलेलं आहे.

आणि शेवटचा फर्मा नाही.
सोळा पानं. कधी सुटली कुणास ठाऊक.
कारकून टाक बुडवतो,
यादीच्या तळाशी एका नावापुरती जागा उरलीय,
आणि पुढं पुठ्ठा.

मी परत करायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो,
लिहिलं का हो त्यानं स्वतःचं नाव?
मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं रात्रपाळी केलेल्या
सुवार्ता सिस्टर म्हणायच्या, लिहिलंच असणार.
तहसीलचे रखमाजी घुगे चष्मा पुसत म्हणाले,
छे हो. दौत सांडली असेल त्यानं.
मी असतो तर दौतच सांडली असती.
मग बराच वेळ नुसतेच बसून राहिले दुकानात.
वहीदोद्दीन मास्तर काहीच बोलले नाहीत.
अठ्ठेचाळीस साली त्यांच्या वडलांना
शेजाऱ्यानं ज्वारीच्या पेवात लपवलं होतं, अकरा दिवस.
त्यांनी एवढंच विचारलं,
त्या कबरींत हवा कुठून येत असेल?

गेल्या महिन्यात घुग्यांच्या नातवानं
मोबाईलवर शोधून काढली ती सोळा पानं.
फर्म्यासारखीच मांडून छापून आणली,
म्हणाला, काका, आजोबा असायला पाहिजे होते.
मी शटर अर्धं ओढलं आणि आत बसून वाचली.
वाईट नाहीत.
बारा पानं उपदेश आहे. समुद्र आहे, जहाज आहे.
यादीचं काय झालं ते एका ओळीत आहे,
आणि ती ओळ वाचल्यावर
मला पहिल्यांदा रखमाजींचा राग आला,
मग माझाच.

नाही शिवली तर हात खोटे ठरतात.
शिवली.
फक्त घड्या कापल्या नाहीत.
वरची कड बंद ठेवली, जुन्या पुस्तकांची असायची तशी,
ज्याला कळायचंय त्यानं सुरी घ्यावी.

परवा वाचनालयात डोकावलो.
पुस्तक बाहेर गेलेलं.
वहीत नवीन सही शोधली तर सही नव्हतीच,
मनकर्णा सोपान लोखंडे, मुक्काम बदनापूर,
असं पूर्ण, रेघेवर, नीट लिहिलेलं.
कोवळं अक्षर, पण नाव जुनं.

घरात सुरी असेलच तिच्या.
विळीनंही निघेल घडी,
पण कड फाटते, हे कुणी तिला सांगायला पाहिजे.