खांदा

सुहासिनी मोचेमाडकर निवडून आली त्या रात्री
बंदरावर फटाके वाजत होते
आणि मी आतल्या खोलीत
तिच्या उजव्या खांद्याला निर्गुंडीचं तेल चोळत होते.
एकशे बारा मतांनी.
"लविना, हळू गो," म्हणाली,
"हरल्यासारखा दुखता."

आम्ही दुहेरीतल्या. ती मागे, मी जाळीपाशी.
वेंगुर्ल्यात तेव्हा हॉल कुठला, आंब्याची शेड होती.
पेट्यांचा सीझन लागला की कोर्ट बंद.
जूनमध्ये परत जायचो तेव्हा
चुन्याच्या रेषांवर पेंढा, वासात हापूस,
आणि दारं ओढून घ्यायची, कारण वारा
कुणाच्याही बाजूनं खेळायचा.
फुलं दमटून मऊ पडत.
तिची आई ती चुलीवरच्या माळ्यात ठेवी,
सुक्या बोंबलांच्या शेजारी.
कोल्हापूरच्या पोरी आमचं फूल हातात घेऊन
नाक मुरडायच्या,
आणि हरायच्या.

रत्नागिरी. विभागीय फायनल. तिसरा गेम, चौदा-तेरा, सर्व्हिस आमची.
त्यांचं फूल तिच्या कानावरून मागे गेलं, रेषेबाहेर पडलं.
पंच म्हणाला, बाहेर.
मी दोन्ही हात वर केले होते.
सुहासिनी म्हणाली, "लागलं. माझ्या रॅकेटला."
पंचानं ऐकलं नव्हतं, रेषेवरच्यानं पाहिलं नव्हतं,
मला तर पाठ होती.
तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं,
बाजारात आई भाव सांगायची तसं.
त्यानंतर आम्हाला एकही गुण मिळाला नाही.
एसटीत कणकवलीपर्यंत मी बोलले नाही.
तिनं अर्धा वडा पुढे केला. घेतला नाही.
कुडाळला घेतला. गार झाला होता.

मग खांदा गेला.
बेळगावचा डॉक्टर म्हणाला, हात कानाच्या वर जाणार नाही,
जेवायला, लिहायला, सही करायला पुरे.
ती हसली आणि खरंच सह्याच करू लागली:
पतपेढीत आधी,
मग मासळीवाल्यांच्या अर्जांवर,
मग त्यांच्या बरोबर तहसीलदारापुढे,
आणि एक दिवस स्वतःच्याच उमेदवारी अर्जावर.
चिन्ह मिळालं कपाट.
विरोधकांनी विचारलं, आत काय हा?
म्हणाली, कप. पाच. येऊन बघा.

ठराव क्रमांक अकरा.
आंब्याची शेड पाडून मासळीसाठी शीतगृह.
मी मागच्या बाकावर बसले होते,
पिशवीत एकेचाळीस पोरांच्या सह्या,
काहींचे फक्त अंगठे, शाईत नाही, कोकमात.
तिला सगळं ठाऊक होतं. त्या पोरांना
रविवारी सर्व्हिस तीच शिकवायची, डाव्या हातानं.

हात वर झाले. लिपिकानं पेन फिरवलं.
बाजूनं आठ. विरुद्ध आठ. तटस्थ एक.
आणि अध्यक्षा आमच्या बाजूच्या.
म्हणजे शेड वाचली.
मी पिशवी छातीशी धरली.

तेवढ्यात ती उभी राहिली.
हात तसाच, कोपरात वाकलेला,
पाव विकत घेताना धरतात तेवढाच वर.
"माझो हात वर हा," म्हणाली.
"हेच्या वर जाणा नाय. मोजा."

माझ्याकडे बघितलंही नाही तिनं.
मागच्या रांगेत टोपल्या पायाशी ठेवून बसलेल्या बायका
एकदम उठल्या, कुणीतरी रडली,
आणि मी, पन्नाशीची बाई,
हिच्यामुळे दुसऱ्यांदा हरले.

तेल लावायला मी तीन आठवडे गेले नाही.

शेडीतली जाळी मीच सोडवली.
एका टोकाला मी, दुसऱ्याला कुणी नाही,
गुंता झाला.
घरी आणून परड्यात पसरली.
आता तिच्याखाली सोडे सुकतात.
कावळे येतात, चोच घालतात,
पांढऱ्या पट्टीवर बसून राहतात.

काल ती आली, पायरीवर बसली,
जाळीकडे बघून म्हणाली,
"मधी सैल पडली हा."
मी बाटली आणायला आत गेले.