हात लावण्यापुरतं

तीन कोटी कण सोडलेत मी आज.
खरे किती असतात ते विचारू नका,
एका ठोक्यातले प्रोटॉन लिहायचे तर
शून्यं मोजता मोजता चहा गार होतो.
म्हणून माझा एकेक खोटा कण
लाखोंच्या वतीने धावतो,
सभेला घरटी एक माणूस यावा तसा.

सगळे एकाच प्रभाराचे,
म्हणूनच एकमेकांना नकोसे.
चुंबक आडवं आवळतो, तर उभे सुटतात.
पुढचा उभं आवळतो, तर आडवे.
आवळत, सोडत, तीनशे मीटर.
बहुतेक नीट जातात, पार टोकाशी,
तिथे पाऱ्यावर आदळतात
आणि पारा न्यूट्रॉन उधळतो मुठीमुठीने.
त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

मी बघते ते कडेचे.
चंद्राला पडतं तसं
झोताभोवती एक विरळ खळं पडतं,
लाखातला एखादा
जो वाट सोडून नळीच्या भिंतीला लागतो
आणि तिथलं पोलाद धुमसत ठेवतो,
हाताला न कळणाऱ्या धगीनं.

किती सांडू द्यायचं ते ठरलेलं आहे :
मीटरमागे एक वॅट.
देवळीतल्या दिव्याहूनही कमी.
नवी होते तेव्हा विचारलं होतं, एकच का?
ओनुमा-सान झडपेचा बोल्ट पुसत होते.
त्यांनी हातमोजा काढला, पंजा पुढे धरला.
"यासाठी."

त्याहून जास्त सांडलं
तर दुरुस्तीला माणूस आत जाऊ शकत नाही.
म्हणजे हे सगळं,
रात्रभर घोंघावणारी कपाटं,
माझी समीकरणं, माझे चष्म्याचे वाढलेले नंबर,
एका माणसाला एका नटाला
वीस मिनिटं हात लावता यावा म्हणून.

डिसेंबरात सतराव्या चुंबकापाशी
काटा चढू लागला.
माझ्या पडद्यावर तिथे काहीच नव्हतं.
पुन्हा चालवलं. काही नाही.
रात्री चालवून ठेवलं, सकाळी सायकलवरून येताना
पाइनच्या झाडांमधून समुद्राचा वारा असा तोंडावर
की डोळ्यांतून पाणी. आणि पडद्यावर
तेच देखणं, निर्दोष, काही नाही.

वर्षअखेरीला यंत्र थांबलं.
थोडे दिवस निवू दिलं.
मग ओनुमा-सान आत गेले, छातीवर मापाचा बिल्ला.
बाहेर येऊन त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली,
मध्ये दोन कागद जातील एवढी फट.
"जमीन सरकलीय.
नोव्हेंबरातला तो धक्का आठवतो?
ज्याला कुणी खुर्चीतून उठलंही नाही, तो."
जोडे काढता काढता म्हणाले,
"तुझं यंत्र फार सरळ आहे, नेमोतो-सान."

खरंच होतं.
ओळंबा धरून उभं केलं होतं मी ते,
जमीन नसलेल्या जागी.
तोकाईत कोण सरळ आहे?
शाळेच्या मागची भिंत नाही,
देवळाच्या पायऱ्या नाहीत,
माझ्या आईचं कपाट,
ज्याच्या एका पायाखाली जुनं तिकीट आहे.

त्या रात्री मी सतराव्याला
पाव मिलिमीटर समुद्राकडे ढकललं.
बाकीच्यांनाही थोडंथोडं हलवलं,
फासे टाकून, कुणाला डावीकडे, कुणाला खाली.
पहाटे चारला खळं फुललं,
आणि बरोबर तिथेच, काटा चढला होता तिथेच
माझे कण भिंतीला लागून मेले.
इतका आनंद मला कशाच्या मरणाने झाला नव्हता.
ओरडले असते, पण मजल्यावर कुणी नव्हतं.

मार्चमध्ये ओनुमा-सान निवृत्त होतील.
चाळीस वर्षं अंगात किती गेलं
त्याची एक वही आहे, वर्षाला एक ओळ.
ती त्यांनी मला कधी दाखवली नाही.
काल मात्र एक पुडी टेबलावर ठेवून गेले,
त्यांच्या बायकोने अंगणातल्या जाळीवर
वाळवलेल्या रताळ्याच्या चकत्या,
वर साखर सुटलेली, पिठासारखी.

एक खाल्ली. मग दुसरी.
पांढरी भुकटी कळफलकावर सांडली,
बोटांवर, आकड्यांवर.
तिचा हिशोब मी ठेवला नाही.