ओ

पहिल्याच आठवड्यात खिडकीखालून कुणीतरी ओरडलं, "दादा!"
आणि मी खडू धरलेल्या हातानं गर्रकन वळले,
जणू दारात तो उभा असणार.

दारात मकामे होता. वय सहा.
नाकाखाली शेंबूड,
तळहातावर स्वतःचा पडलेला दात.

इथे दादा म्हणजे ताई.
काका म्हणजे भाऊ. फाटकावरच्या जुमाला
सगळी मुलं काका म्हणतात, तो जेमतेम विशीतला.
आंब्याला एम्बे, साबणाला साबुनी;
कधीतरी गलबतांतून इकडचं तिकडे गेलं असेल,
किंवा दोघांकडेही तिसऱ्याच बंदरातून आलं असेल.
नात्यांची पोती तेवढी धक्क्यावर उतरवताना
कुणाची कुणाच्या दारात पडली.

शाळा सकाळी सातला भरते.
त्यांच्या हिशेबात तेव्हा एक वाजलेला असतो.
उजाडल्यावर मोजायला लागायचं,
आधीचं धरायचं नाही.
हे मला शिकायचंय अजून.

पेंबा बेटावरच्या या गावात
रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंगा वाळत असतात.
मुलं त्यांच्या काठाकाठानं येतात, चपला हातात घेऊन,
पायाखाली एक जरी चिरडली तरी घरी बोलणी बसतात.
वर्गात बेचाळीस डोकी, सतरा पाट्या,
आणि दाढ दुखणाऱ्या माणसाच्या तोंडासारखा वास.

म्वानाइशा काही लिहीत नाही, खडू खाते.
रुकिया लिहिते, पण 'बी'चं पोट भलत्या बाजूला काढते,
आणि पाटीवर 'बाबा'चा 'दादा' होतो.
दर वेळी.
मी पुसते. ती पुन्हा काढते. पुन्हा दादा.

शेवटी तिच्या मुठीवर मूठ ठेवते.
"हात सैल सोड गं, पेन्सिल पळून जात नाही,"
हे मी मराठीत बोलते, हे नंतर लक्षात येतं.
आणि वाक्यही माझं नाही.
ते सायकलची चेन बसवून आलेल्या,
काळ्या ग्रीसच्या बोटांचं आहे,
माझ्या वहीतल्या प्रत्येक 'ळ'वर
ज्यांचा एकेक ठसा राहिला.

बारा वर्षं झाली, आम्ही बोललो नाही.
कशावरून बिनसलं ते सांगायचं
तर आधी आठवावं लागतं,
आणि आठवलं की
माझंच बरोबर होतं असं पुन्हा वाटायला लागतं.
म्हणून आठवत नाही.

रुकिया हात सैल सोडते.
'बी' सरळ येतो, एकदाच.
पुढचा पुन्हा उलटा.

मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत बसलेय.
"दादा!"
आता मी वळत नाही.
"ओ," म्हणते,
लाल पेन न थांबवता, मान वर न करता.
तो अगदी असाच ओ द्यायचा.

मग मान वर करते.
मकामे आ वासून उभा आहे.
खिंडारात नवा दात, तांदळाच्या कणीएवढा.
बोट लावून बघ, म्हणतो,
हलतच नाही.