मार्ग सात

जानेवारीत पहाटे सहाला मी बसच्या हीटरची वायर उपसते.
उणे एकतीस. इंजिन खोकतं, थुंकतं, मग ऐकतं.
चौदा शेतं, बावीस पोरं,
आणि आमच्या स्वैपाकघराची खिडकी,
जिच्यासमोरून मी रोज न थांबता जाते.

आत ओरेस्ट असतो. पायांत बापाचे लोकरी मोजे,
ताटलीत कालच्या ब्रेडची कड,
आणि समोर एक गणित, ज्यातला एकही आकडा
मला ओळख दाखवत नाही.

शाळेत घातला होता. सहा आठवडे.
मिसेस फ्रीझन भली बाई. म्हणाली,
मी सातपर्यंत मोजायला शिकवते,
हा विचारतो शून्याच्या खाली काय आहे, आणि त्याच्याही खाली.
बाकीची एकोणीस खोळंबतात.
ऑक्टोबरात त्याने पेन्सिली चावून संपवल्या
आणि बोलायचं बंद केलं.
मी त्याला घरी आणला.

लोकांचं सगळं बोलून झालंय.
चर्चच्या तळघरात पेरोगी वळता वळता
जाऊ म्हणाली, जगाची पोरं शाळेत पोचवतेस,
आणि स्वतःचं?
मी कडा दाबत राहिले.
नीट नाही दाबल्या तर उकळताना फुटतात.
खरं सांगायचं तर उत्तर नव्हतं माझ्याकडे.
अजून नाही.

आता सास्काटूनच्या विद्यापीठानं बोलावलंय. वय तेरा.
फॉर्मवर रकाना होता: शेवटची शाळा.
मी लिहिलं, स्वैपाकघर.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.

जूनचा शेवटचा दिवस. हा बूट घालून दारात,
पाठीला रिकामं दप्तर.
"आज मला बसमधून ने.
शाळेत नको. नुसतं बसमधून."
नियमात बसत नाही.
मी दार उघडलं.

तिसऱ्या रांगेतून कोल डायकनं उठवलं, ही ब्रीलीची जागा.
पाचव्या रांगेतूनही उठवलं. कुणी तरी फिस्सकन हसलं.
आरशात मला सगळं दिसतं, तेच माझं काम.
स्टिअरिंगवर बोटं पांढरी पडली.
गाडी थांबवली नाही.

शेवटी मागच्या चाकावरची सीट,
जिथे बसलं की गुडघे हनुवटीला लागतात.
तिथे टेगन, दहा वर्षांची, जराशी सरकली.
काचेवरच्या धुळीत तिनं घोडा काढला होता.
"पाय चुकलेत ना?"
तो बघत राहिला, बराच वेळ.
ओळखते मी ही शांतता. आता सांधे सांगेल,
कोन सांगेल, किती वजन कुठल्या खुरावर.
"नाही," तो म्हणाला. "पळतोय."

शाळेपाशी सगळी भसाभसा उतरली.
तो पुढे येऊन माझ्या पाठीमागे बसला.
परतीचे अकरा किलोमीटर. कॅनोला अजून फुलला नव्हता.

"कुणी कुठे बसायचं ते सगळ्यांना माहीत होतं.
हे लिहिलेलं कुठे असतं?"
"कुठेच नाही."
"मग तुला कसं माहीत?"

तेवढ्यात रेल्वेचे रूळ आले.
रुळांपाशी बस थांबवायची, दार उघडायचं, कान द्यायचा,
गाडी रिकामी असली तरी.
हा नियम मात्र लिहिलेला आहे.
दोघांनी कान दिला.
वारा होता. तारेवर एक पक्षी होता.
आगगाडी नव्हती.

"सप्टेंबरात," तो म्हणाला,
"मी आधी सगळ्यात मागे जाऊन बसेन.
मग उठवतील तसतसा पुढे येईन."

मी दार लावलं
आणि रूळ ओलांडले.