थकबाकी

लक्ष्मण पोळीच्या अलीकडे, चढ जिथं दम काढतो,
तिथं एकाच खडकातून कोरलेलं चतुर्भुजाचं देऊळ.
उभी राहिली तर चार माणसं, बसली तर तीन.

किल्ली कमलाकर शितोळ्यांकडे.
बिर्लानगरची गिरणी बंद पडली
तेव्हा हिशेबखात्यातून उठले ते इथं येऊन बसले.
स्टीलचा डबा, ट्रान्झिस्टर, ताठ पाठ.

लोक येतात शून्य बघायला.
काका टॉर्च भिंतीला तिरका लावतात;
सरळ उजेडात ते दिसत नाही,
सावली लागते त्याला.
तांदळाच्या कणीएवढं वर्तुळ.
‘बस, इतकंच?’ म्हणून लोक वर जातात,
मानमंदिराच्या निळ्या फरशांकडे.

एकदा मी थांबले. विचारलं, शून्याच्या आधी काय आहे?
अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी मागचं पान मागितलं होतं.
‘पाच,’ ते म्हणाले. ‘पाचावर शून्य.
रोज पन्नास माळा देवाला. माळ्यांनी द्यायच्या,
चंद्रसूर्य असेतो.
दिव्याचं तेल तेल्यांकडून, ते वेगळं खातं.’

विजेच्या बिलामागे त्यांनी मांडूनच ठेवलं होतं:
पन्नास गुणिले तीनशे पासष्ट,
गुणिले साडेअकराशे वर्षं, ढोबळ,
लीप वर्षांचे दिवस समासात.
दोन कोटी दहा लाख माळा.

‘वसूल किती?’
त्यांनी तटाकडे बघितलं.
कुणी दरवाजा जोडला त्याला, कुणी बुरूज,
कुणी तळघरात सख्खे भाऊ कोंडले.
तोमर, लोदी, मुघल, मग आपले,
मग गोरे, मग पुन्हा आपले.
‘आपले’ म्हणताना लश्करातल्या घरी
आम्ही जरा छाती काढतो.
शितोळे नाही काढत.
‘इस्टेट घेतली की देणंही येतं,’ म्हणाले.
‘किल्ला घेतला ना? मग माळाही आल्या.’

आणि ज्यांनी ओवल्या असतील,
सकाळी थुंकीनं दोऱ्याचं टोक वळून,
पोर मांडीवर घेऊन, एकोणपन्नासावीला बोट टोचून,
त्यांचं नाव दगडात नाही. आकडा आहे फक्त.

सहाच्या सुमाराला त्यांनी डबा उघडला.
वरच्या कप्प्यात पोळी, खालच्यात
पिवळ्या कण्हेरीची माळ, जरा चेपलेली.
‘मंडळींनी केलीय,’ एवढंच.
गळ्यात घातली, मागं सरले, खिशातलं पेन काढलं,
बिलावर एक वजा केला,
आणि टॉर्च माझ्या हातात दिला:
‘तिरका धर.’