क्रमांक एक

परसोडीच्या ऑफिसात एसी आहे, तरी मी घरी बसलेय,
प्रतापनगरात, दुसऱ्या मजल्यावर, कूलरच्या तोंडाशी.
मे महिना. रात्रीचे साडेअकरा, आणि भिंत अजून तापलेली.
खसाच्या ओल्या वासात
मी एक रिकामं घर बांधतेय.

जुनी इमेज उचकटली तेव्हा काय काय निघालं:
छपाईची लायब्ररी (कोण छापणार होतं तिथे?),
कुणी न उघडलेली मॅन्युअलं,
साऱ्या जगाच्या घड्याळांची यादी,
आणि एक कंपायलर, लागेल कधीतरी म्हणून ठेवलेला,
आई श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवते तसा.
आठशे चाळीस एमबी.
सगळं उतरवलं. एक लहानसं शेल राहू दिलं,
सर्टिफिकेटं, आणि टाकाऊ फायलींना एक कोपरा.
अकरा.
लांजेवार फोनवर हसला,
"एवढ्यात तं पोह्यावरची तर्री बी मावनार नाही बा."

पण भिंती उभ्या राहिल्या म्हणजे घर चालत नाही.
आत जो पहिला जागा होतो त्याचा नंबर एक,
आणि एक नंबरवाल्याला काही गोष्टी माफ नसतात.
आम्ही त्या जागी थेट ॲपच बसवायचो.
हुशार, घाईचं, कमावतं,
फक्त पोरांकडे वळून बघायची सवय नसलेलं.
पोरं आपापलं काम करून मरायची
आणि ते विचारायचंच नाही, कशी गेलात, काय सांगून गेलात.
मग ती तक्त्यात तशीच.
काम नाही, मेमरी नाही, नुसतं नाव आणि नंबर.
शनिवारी मोजली: चार हजार त्र्याण्णव.
हद्द चार हजार शहाण्णवची.

यादोराव काका काटोलला वारले
तरी महालातल्या रेशन दुकानात दोन वर्षं
त्यांच्या नावाचा गहू येत होता.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
दाखला आणायला कुणीतरी जायचं होतं, एवढंच,
आणि मुलाला वाटलं पुतण्या जाईल, पुतण्याला वाटलं जावई.
शेवटी गेली ती खालची भाडेकरू, कुंदा मोटघरे.
एसटीने गेली, खिडकीशी उभी राहिली, सही घेतली,
येताना स्वतःच्या पैशाने झेरॉक्सही काढून आणली.

एक नंबरवर मी तसं कुणी बसवलंय.
कमी बोलणारं, चारशे केबीचं.
कुणाचंही पोर असो, आईबाप गेले की याच्या पदरात.
मेलं की हे विचारतं, नोंद पुसतं, नंबर मोकळा करतं.
खाली प्रत्येक सेवेमागे एकेक राखणदार:
पडली, की एक सेकंद थांब, मग उठव.
तो सेकंद मुद्दाम ठेवलाय,
नाहीतर रात्रभर नुसतं पडणं-उठणं
आणि सकाळी लॉगने डिस्क तुडुंब.

बारा वाजून दहा. लाइट गेली.
आली. पंखा फिरला, वारा सुटला,
पण कोरडा, भट्टीच्या दारातला.
पंप उठलाच नव्हता.
कूलरच्या कुशीत एक थाप दिली,
आत गुडगुडलं, गवतावरून पाणी उतरलं.
मी ओल्या हातानेच फाइल पुन्हा उघडली:
पंखा फिरतोय का, हे नको विचारूस.
पाणी येतंय का, ते विचार.

आता बंद करून बघायचं.
पंधरा नंबरचा सिग्नल, म्हणजे "आवरा आता".
पूर्वी कुणी ऐकायचं नाही, दहा सेकंद वाट बघून
नऊ नंबरने मान मुरगाळावी लागे.
आज आधी वेब गेलं, हातातली गिऱ्हाइकं संपवून.
मग रांग सांभाळणारं.
लॉग लिहिणारा सगळ्यात शेवटी;
बाकीचे गेले हे लिहायला कुणीतरी लागतं.
मग एक नंबर.
पाऊण सेकंद.

लांजेवारचा मेसेज: अकराचे बारा झाले का?
लिहिलं, साडेअकरा.
कुंदाबाईचं वजन धरून.
तो म्हणाला, कोण कुंदाबाई?